सैल सांधे, ओले हात आणि चवथीचा स्वयंपाक : प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं. सून ३४ वर्षांची. हायपरमोबाइल एहलर्स-डॅनलॉसचं (सांधे जन्मतः सैल असण्याचा आनुवंशिक विकार) निदान रूमॅटॉलॉजिस्टनं २०१७ च्या निकषांवरून केलेलं आहे. त्याच वर्षीच्या वर्गीकरणातल्या एहलर्स-डॅनलॉसच्या तेरा प्रकारांत नेमकी याच प्रकाराची जनुकीय तपासणी अजून उपलब्ध नाही, तो प्रत्यक्ष तपासून आणि पूर्वीचा त्रास विचारूनच ओळखावा लागतो. मुलगी ११ वर्षांची, तिचेही सांधे सैल. या नोंदींत सून म्हणजे ताई आणि सासूबाई म्हणजे आजी. मुदत २७ ऑगस्टची, चवथीची (गणेश चतुर्थी). तोवर ताईंना रोजचा स्वयंपाक आणि चवथीतलं आपल्या वाट्याचं काम हात न बिघडवता करता यायला हवं, एवढंच ठरलं. चुका जशा झाल्या तशाच लिहून ठेवल्या आहेत, कारण हेच काम दुसऱ्या घरी करणाऱ्याला त्याच जास्त उपयोगी पडतील.

९ जून

मोजणी. बायटन, म्हणजे सांध्यांच्या सैलपणाचे गुण, ९ पैकी ७ (पौगंडावस्थेपासून पन्नाशीपर्यंत ५ पुरतात). बोटाच्या गोनिओमीटरनं (सांध्याचा कोन मोजायचं साधन) मधले सांधे मोजले. उजवी तर्जनी २८ अंश मागे झुकते, मधलं बोट २२, डावी तर्जनी २०. उजव्या अंगठ्याचा मुळाचा सांधा चिमटीत धरताना बाहेर सरकतो, डोळ्यांना दिसतो. उजवा खांदा वरच्या फळीवरचा डबा काढताना दोनदा निसटलेला आहे.

मुठीचा जोर डायनॅमोमीटरवर १९ किलो, दुसऱ्यांदा १९, तिसऱ्यांदा १८. या आकड्यांवर कोणीही म्हणेल की हात बरा आहे. पहिल्या खेपेला हे हात सगळंच करतात. म्हणून लगेच वीस मिनिटं नारळ खवायला सांगितला आणि पुन्हा मोजलं. आकडा ११ किलो आला आणि मधलं बोट मागे जाऊन अडकलं. यापुढे प्रत्येक वस्तू, प्रत्येक पट्टी, प्रत्येक बैठक पहिल्या मिनिटाला आणि विसाव्या मिनिटाला, अशी दोनदाच तपासायची.

नाडी आडवं असताना ७४, दहा मिनिटं उभं राहिल्यावर ११२. रक्तदाब पडला नाही. प्रौढांत ३० किंवा त्याहून जास्त वाढ टिकून राहिली तर फिजिशियननं बघायलाच हवं, म्हणून चिठ्ठी दिली. मीठ आणि पाणी वाढवायचं का, ते तेच ठरवतील. आपल्या कामापुरता निष्कर्ष एवढा की ओट्यापाशी उभं राहून स्वयंपाक बंद.

१० जून

त्रास देणाऱ्या कामांची यादी आज ताईंकडून घेतली, आपल्या मनानं केली नाही. त्यांचा क्रम असा: नारळ खवणं, मासळी करणं, पेज निवळणं, कुकर उचलणं, फडका पिळणं, फुगलेले ड्रॉवर ओढणं, लायटर. आम्ही अंदाजानं चाकूचं काम पहिलं धरलं होतं, ते त्यांच्या यादीतच नाही. चिरणं त्या आदोळीवर (जमिनीवर बसून वापरायची, पाटाला पातं असलेली विळी) करतात.

१३ जून

बोटांच्या कड्या (सांधा मागे झुकू नये म्हणून बोटात घालायच्या), पहिला प्रयत्न. चांदीच्या कड्या टिकतात आणि दिसतातही छान, पण माप चुकलं तर पैसे गेले. म्हणून आधी थर्मोप्लास्टिक, म्हणजे गरम पाण्यात मऊ होणारं प्लास्टिक.

साहित्य: १.६ मिलिमीटर जाडीची, मेमरी असलेली (पुन्हा तापली की सपाट होणारी), वरून लेप असलेली शीट. अर्ध्या शीटचे २,२०० रुपये, यात सगळ्या कड्या होऊन अंगठ्याचा तुकडाही निघतो. पाणी ७० अंश, स्वयंपाकाचा थर्मामीटर चालतो. पट्टी ५ मिलिमीटर रुंद. लांबी तर्जनीला १३, मधल्या बोटाला १४ सेंटिमीटर. पाण्यात पाऊण मिनिट ठेवायची, बाहेर काढल्यावर काम करायला जेमतेम एक मिनिट मिळतं.

आकार इंग्रजी आठाचा. पट्टीचा मध्य तळव्याच्या बाजूनं मधल्या सांध्याच्या घडीखाली तिरका ठेवायचा. एक टोक सांध्याच्या अलीकडच्या पेरावरून वर घ्यायचं, दुसरं पलीकडच्या पेरावरून, आणि दोन्ही पुन्हा खाली घडीपाशी आणून एकमेकांवर चढवायची. म्हणजे वरून दोन ठिकाणी दाब आणि खालून एका ठिकाणी टेकू. बोट १० अंश वाकवून धरायचं आणि पट्टी गार होईपर्यंत हलू द्यायचं नाही. बोट पूर्ण सरळ ठेवून साचा घेतला तर थोडी ढील पडली की सांधा पुन्हा मागे जायला मोकळा.

तीन कड्या झाल्या. वेळ दोन तास दहा मिनिटं.

१४ जून

तिन्ही कड्या संध्याकाळी रुतल्या. काढल्यावर चाळीस मिनिटांनीही लाल वळ तसाच. वीस मिनिटांत वळ गेला नाही तर कडी नापास, आणि ही त्वचा तर पातळ, लवकर सोलवटणारी.

कारण साधं आहे. साचे सकाळी दहाला, एसीच्या खोलीत, गार बोटांवर घेतले. तीच बोटं दुपारी चुलीपाशी, पावसाळ्याच्या दमट हवेत फुगतात. दोऱ्यानं मोजलं तर तर्जनीच्या घेरात सकाळ-संध्याकाळ ४ मिलिमीटरचा फरक. नवे साचे दुपारी चारनंतर, त्यांच्याच स्वयंपाकघरात, थोडं काम करून झाल्यावर घ्यायचे. सकाळी कडी किंचित ढिली वाटेल, तेवढं चालतं.

१७ जून

दुसरा संच. तर्जनी १३.५, मधलं बोट १४.५ सेंटिमीटर. रुतत नाहीत. पण मूठ मिटत नाही. कडीचा खालचा फुलीसारखा जोड दुहेरी जाडीचा झाला आहे आणि घडीत अडतो, भाताचा घासही नीट धरता येत नाही. पट्टीची दोन्ही टोकं आधीच गरम पाण्यात बुडवून बाटलीनं लाटून पातळ केली, मगच एकमेकांवर चढवली. आता बोट ९० अंशांच्या थोडं पुढे वाकतं. याहून जास्त हवं असेल तर ५ ऐवजी ४ मिलिमीटरची पट्टी घ्या, त्याखाली जाऊ नका, कापते.

कडा तशाच धारदार ठेवल्या तर त्वचा फाटते. एकेक कड क्षणभर गरम पाण्यात बुडवून ओल्या अंगठ्यानं चोळली की गोल होते. कडीमागे पाच मिनिटं लागतात, ती वाचवू नका.

१९ जून

मधल्या बोटाच्या कडीचा जोड उकलला. शीटवरचा लेप पट्टीला स्वतःला चिकटू देत नाही. काम करताना तोच सोयीचा, जोडाच्या वेळी तोच वैरी. पाण्यातून काढून दाबलेला जोड दिसायला पक्का असतो आणि दोन दिवसांत सुटतो. दोन्ही पृष्ठभाग ब्लेडनं खरवडून लेप काढला, कोरडे केले, हीट गननं कोरड्या उष्णतेवर चकाकी येईपर्यंत तापवले आणि अर्धा मिनिट दाबून धरले. यानंतर एकही जोड सुटलेला नाही.

आणखी एक कडी गेली ती तव्याशेजारी ओट्यावर काढून ठेवल्यामुळे. ती पुन्हा चपटी पट्टी झाली. भांडी घासताना हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यानं काही होत नाही, पण तव्याची धग, पेजेची वाफ आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड यांपासून लांब ठेवायची. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला खिळा मारून त्यावर कड्या अडकवायची सोय केली.

२० जून

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. ओट्याला क्लॅम्पनं बसणारी, हँडल फिरवायची खवणी आणली, ६५० रुपये.

२१ जून

खवणी नापास. पहिल्या मिनिटाला सगळे खूश होते. विसाव्या मिनिटाला उजवा हात ठीक होता, पण डावा गेला. गोल फिरणाऱ्या पात्यावर नारळाची वाटी डाव्या हातानं दाबून धरावी लागते, त्यात अंगठा पूर्ण ताणला जातो आणि वाटी हिसका देते. त्या हिसक्यानं अंगठ्याच्या मुळाचा सांधा सरकतो. हँडलला सायकलची मूठ चढवून पाहिली, उजव्या हाताला बरं वाटलं, डाव्याला काहीच फरक नाही.

आजी म्हणाल्या, "आदोळीवर हात एवढे दुखत नाहीत गो, पाय दुखतात." हे दहा दिवस आधी विचारायला हवं होतं. आदोळीवर पातं हातात धरावं लागत नाही. दोन्ही तळवे वाटीवर असतात, जोर खांद्यातून आणि धडातून येतो, बोटांना चिमटी करावी लागत नाही. सैल बोटांना चाकूपेक्षा आणि या खवणीपेक्षा आदोळीच बरी. खोट आहे ती जमिनीवरच्या बैठकीत: एक गुडघा पूर्ण दुमडलेला, कंबर पिळलेली, आणि उठताना मनगटावर सगळा भार. आपल्याकडे हात दुखायला लागला की पहिल्यांदा आदोळी माळ्यावर जाते. तसं करू नये असं आता ठाम मत झालं आहे.

२५ जून

बाकाची आखणी. आदोळी ओट्यावर बसवायची सूचना आली होती, ती नाकारली. उभं राहून वाकलं की पातं छातीच्या रेषेत येतं.

ठरलं ते असं: ४२ सेंटिमीटर उंच, ११० लांब, २८ रुंद लाकडी बाक. आदोळीचा पाट पुढच्या टोकाला पक्का, मागे ताई बसणार, दोन्ही पाय दोन बाजूंना जमिनीवर सपाट. बैठक आणि पातं यांतलं अंतर जमिनीवर होतं तेवढंच ठेवलं, कारण हाताला तेच ठाऊक आहे. ताईंचं वजन बाकावरच असल्यामुळे बाक कलंडत नाही. सुतार २,८०० रुपये.

३० जून

अंगठ्यासाठी तयार मिळणारा निओप्रीनचा (स्पंजासारख्या रबराचा) पट्टा आणला होता, ८५० रुपये. सहाव्या दिवशी मनगटाशी पुरळ. या हवेत निओप्रीन रात्रभर टांगूनही वाळत नाही. सकाळी तो ओलाच चढवला जातो आणि खाली कातडी पांढरी, मऊ पडते. कोरड्या हवेच्या गावात हा पट्टा उत्तम असेल, इथे जून ते सप्टेंबर नको.

त्याऐवजी उरलेल्या १.६ च्या शीटमधून, ३ मिलिमीटरची छिद्रं पाडून, हातापुरता आखूड तुकडा केला. मनगट मोकळं, अंगठ्याचं टोक मोकळं, फक्त मुळाचा सांधा धरलेला. साचा घेताना अंगठा तर्जनीसमोर, हातात पेला धरल्यासारखा. अंगठा हाताला चिकटवून साचा घेतला तर पट्टी सांधा धरते, पण हाताला काहीच धरता येत नाही. आत सुती स्टॉकिनेट (विणलेली मऊ नळी), तीन नग, रोज बदलायचे. वेल्क्रोची काटेरी बाजू तुकड्यावर आतल्या अंगाला लावली. बाहेर लावली की ओढणीचे धागे ओढते.

२ जुलै

टेपबद्दल थोडक्यात. खांद्याला किनेसिओ टेप (ताणली जाणारी चिकटपट्टी) लावायचा विचार होता. दंडाच्या आत दोन सेंटिमीटरचा तुकडा २४ तास लावून पाहिला, कडेला फोड आले. विषय बंद. ज्यांना चालतो त्यांनीही टेप खेचून काढू नये. खोबरेल लावून दहा मिनिटं थांबावं, मग त्वचा एका हातानं धरून टेप त्वचेला समांतर गुंडाळत न्यावा.

४ जुलै

बाक आला. वीस मिनिटांची तपासणी अकराव्या मिनिटालाच थांबवली. २८ सेंटिमीटर रुंदी गाऊन घालून ओलांडून बसायला जास्त होते, त्यामुळे ताई नकळत दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसल्या. कंबर पिळली गेली, माकडहाडाशेजारी कळ आली. कागदावर आखताना कपड्यांचा विचारच झाला नव्हता.

सुताराकडून बाक इंग्रजी टी सारखा बदलून घेतला. मागची बैठक ३६ बाय ३६, पुढचा दांडा फक्त १६ रुंद, तो गुडघ्यांच्या मध्ये येतो. रुंदी कमी झाल्यावर डोलू नये म्हणून पुढच्या पायांना खाली ४० सेंटिमीटरची आडवी पट्टी दिली. ७०० रुपये आणि वेळ गेला.

७ जुलै

पाऊस न थांबता. ड्रॉवर आणि कपाटांची दारं फुगून घट्ट बसली आहेत. सैल खांद्याला जड ओझ्यापेक्षा हा अचानक दिलेला झटका महाग पडतो. डबा जड आहे हे आधी कळतं आणि स्नायू तयार होतात, अडकलेला ड्रॉवर मात्र एकदम सुटतो.

कडा दीड-दोन मिलिमीटर रंधल्या, उघड्या पडलेल्या लाकडाला वॉर्निश, सरकणाऱ्या भागांना मेणबत्ती घासली. मजुरी ६००. बोटभर खोबणीच्या मुठी काढून मोठ्या डी आकाराच्या सहा मुठी, प्रत्येकी ९० रुपये. मुठीत चार बोटं आरपार जायला हवीत, म्हणजे बोटं न आवळता हात आत घालून अख्ख्या अंगानं मागे होता येतं. वरच्या फळीवरचं सगळं खाली आणलं आणि फळी रिकामी ठेवली. मोकळी फळी महिनाभरात पुन्हा भरते, म्हणून तिथे गणपतीची आरास ठेवायला दिली. ती वर्षातून एकदा, घरातले इतर कोणीतरी काढतील.

११ जुलै

ओट्यापाशी टेकून बसायचं उंच स्टूल, लोखंडी, २,४०० रुपये. ओटा ८६ सेंटिमीटर, बैठक ६२. ओट्याखालच्या एका कपाटाची दारं आणि फळी काढून ६० सेंटिमीटरची मोकळी जागा केली, नाहीतर गुडघे आपटतात आणि माणूस पुढे वाकून काम करतो.

बैठक पुढे उतरती ठेवायची असते, पण आम्ही १५ अंश दिले. तेराव्या मिनिटापासून ताई पुढे घसरू लागल्या, आणि घसरू नये म्हणून गुडघे मागे ताणून लॉक करू लागल्या. ज्या गुडघ्यांना वाचवायला स्टूल केलं, त्यांनाच ते उलटं वाकवायला लागलं. वरून दिसत नाही. तपासताना खाली बसून बाजूनं गुडघे बघा.

१५ जुलै

स्टुलाचा उतार ६ अंशांवर आणला. ३४ सेंटिमीटर खोल बैठकीला पुढची कड मागच्यापेक्षा साडेतीन सेंटिमीटर खाली. वेल्डिंग ३०० रुपये. वर जाळीदार अँटीस्लिप शीट. पायाला १५ सेंटिमीटर उंचीची आडवी पट्टी होतीच. एक पाय तिच्यावर, एक जमिनीवर, दर थोड्या वेळानं अदलाबदल. विसाव्या मिनिटाला गुडघे सैल, नाडी ८८.

अँटीस्लिप शीटचा रोल २५० चा. उरलेले तुकडे परातीखाली, मिक्सरखाली आणि बरणी उघडायला. एका हातानं बरणी धरायची गरज संपली, हा त्यातला मोठा फायदा.

१६ जुलै

नळ. गोल चाव्या काढून लांब दांड्याचे, पाव फेरीत उघडणारे दोन, प्रत्येकी ६२०, प्लंबर ३००. कोपरानं उघडतात. तासाभराचं काम, सगळ्यांत कमी कटकटीचं.

१९ जुलै

बाक परत आला. आदोळी ८ मिलिमीटरच्या बोल्टनं बसवली. सुतारानं आधी स्क्रू मारले होते, ते खवण्याच्या धक्क्यांनी आणि फुगणाऱ्या लाकडानं तीन दिवसांत हलायला लागले असते. बोल्टला खाली रुंद वॉशर.

मासळीनंतर आदोळी काढून धुता यावी म्हणून विंग नट (दोन पंखांचे, हातानं फिरवायचे नट) घेतले होते. ते फिरवायला अंगठा-तर्जनीची चिमटी लागते, म्हणजे जी हालचाल टाळायची तीच. मुठीत मावणारे चांदणीच्या आकाराचे प्लास्टिक नॉब लावले, तळव्यानं फिरतात. बोल्ट आणि नॉब मिळून ३४० रुपये. पात्यावर पीव्हीसी पाइपचा उभा चिरलेला तुकडा, काम नसताना कायम चढवलेला. घरात मूल आहे आणि पातं आता जमिनीवरून बरंच वर आलं आहे. धुतल्यावर पुसून खोबरेल, नाहीतर एका रात्रीत गंज.

२१ जुलै

वीस मिनिटं, दोन नारळ, कड्या आणि अंगठ्याची पट्टी घालून. मुठीचा जोर आधी १९, नंतर १६. जूनमध्ये ११ होता. उठताना मनगटाचा आधार घ्यावा लागला नाही.

नारळ फोडणं ताईंकडे नाही. कोयत्याचा धक्का थेट मनगटात जातो. सोललेला नारळ बाजारातच फोडून घ्यायचा किंवा घरातल्यांनी फोडायचा. पाच नारळांचा चव (खवलेलं खोबरं) एकदम काढून फ्रीझरमध्ये ठेवायची सूचना आजींनी हुमणासाठी (माशांच्या कालवणासाठी) नाकारली. भाजीवर घालायला मात्र मान्य. हुमणापुरता ताजा, बाकी फ्रीझरमधला, यातही खवण्याचं काम निम्म्यावर आलं.

२४ जुलै

व्यायामाची चूक. हात बळकट व्हावेत म्हणून दुसऱ्या आठवड्यात मऊ चेंडू दाबायला दिला होता, दिवसातून तीन वेळा. अंगठ्याचं मूळ जास्त दुखू लागलं आणि ते कडीचं दुखणं समजून आम्ही कडीच बदलत बसलो. चेंडू पूर्ण ताकदीनं दाबताना अंगठा बाहेर सरकूनच दाबतो, म्हणजे सरकण्याचाच सराव झाला.

चेंडू बंद. आता अंगठा आणि तर्जनी यांचा गोल ओ करायचा, तर्जनीला रबरबँड अडकवून ती अंगठ्याच्या दिशेला बाजूला न्यायची, पाच मोजेपर्यंत धरायची, आठ वेळा. अंगठ्याच्या बेचक्यातला स्नायू कामाला लागतो आणि मुळाचा सांधा जागेवर धरतो. ओ चा आकार मोडला की तिथेच थांबायचं, मग तिसऱ्याच वेळी का असेना. आठ दिवसांत फरक.

२८ जुलै

मुलीचं लिहिणं. बायटन ८. बॉलपेन इतकं दाबते की तर्जनीचं टोकाचं पेर मागे झुकतं आणि पाठच्या पानावर अक्षरं उमटतात. बाजारातली जाड स्पंजाची ग्रिप लावून पाहिली. स्पंज दबतो, बोट आणखी दाबतं. उपयोग शून्य.

जे चाललं: जेल पेन, कारण दाब लागत नाही. पेन अंगठा-तर्जनीऐवजी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरायचं. अंगठ्याचा भार उतरतो. सवय व्हायला तीन आठवडे लागले. पाठीमागे बॉक्स फाइल ठेवून वहीला २० अंशांचा उतार. पेनं आणि फाइल मिळून १६० रुपये.

देवनागरीचा एक मुद्दा कुठल्याच तयार तक्त्यात मिळत नाही. शिरोरेघ. ही मुलगी प्रत्येक अक्षराची रेघ वेगळी, बोटांनी मारते, त्यामुळे एका ओळीत वीस-पंचवीस वेळा बोटं ताठ होतात. शब्द आधी रेघेविना पूर्ण लिहायचा, मग सगळी रेघ एकदम, बोटं न हलवता कोपरातून हात सरकवून. पंधरा ओळींनंतर हात झटकणं थांबलं. शाळेत बाईंना आधी सांगून ठेवलं, नाहीतर अर्धवट शब्द पाहून टोकतात.

५ ऑगस्ट

छोट्या गोष्टी. लायटर मुठीत धरून दुसऱ्या हाताच्या तळव्यानं दाबायचा. कुकर रिकामाच शेगडीवर ठेवायचा, पाणी मगानं, भात डावानं काढायचा, भरलेला कुकर उचलायचाच नाही. पेज निवळायला भांडं कलतं करण्याऐवजी खोल डाव. फडका पिळण्याऐवजी फिरकीची बादली घरात होतीच, तिचा वापर सुरू झाला.

कड्या रोज जुन्या टूथब्रशनं साबण लावून धुवायच्या. दोन संच: एक ओल्या कामाचा, एक कोरड्या. ओला संच काढून बोटं कोरडी केल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही. हळदीनं कड्या पिवळ्या झाल्या, त्या तशाच राहणार. कामाव्यतिरिक्त आणि रात्री कड्या नाहीत, स्नायूंनी आपलं काम विसरू नये.

१८ ऑगस्ट

चवथीची वाटणी आज सगळ्यांना एकत्र बसवून केली. ऐनवेळी "तेवढं जरा कर" असं म्हटलं जातं आणि ताई नाही म्हणत नाहीत, कारण पहिल्या खेपेला जमतं. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधणं ताईंकडे नाही, हात डोक्यावर धरून ठेवले की खांदा निसटतो. खतखत्यासाठी (अनेक भाज्यांची मिसळ भाजी) सुरण, कणगी यांसारखे कठीण कंद दुसऱ्यांनी मोठे तुकडे करून द्यायचे, बारीक चिरणं ताईंनी आदोळीवर. नेवऱ्यांत (करंज्यांत) लाटणं आणि मळणं इतरांकडे, भरणं आणि कापणं ताईंकडे.

२३ ऑगस्ट

नेवऱ्या. मुरड घालायची नाही, कातणं फिरवायचं. मुरडीत प्रत्येक नेवरीला वीसेक चिमट्या आहेत. कातण्याची बारीक मूठ सायकलच्या मुठीत कापड गुंडाळून बसवली. खवणीवरून काढलेली मूठ इथे कामी आली. वीस मिनिटं काम, दहा मिनिटं हात उशीवर, गजर लावून. पहिल्या फेरीत आजींना गजर पटला नाही, तिसऱ्या फेरीत त्याच लावू लागल्या. चार फेऱ्यांत ११० नेवऱ्या. शेवटी मुठीचा जोर १५.

२५ ऑगस्ट

डाव्या तर्जनीची कडी वळणापाशी तडकली. नऊ आठवडे टिकली, याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. राखीव कडी घातली.

३१ ऑगस्ट

चवथीत खांदा निसटला नाही. अंगठा दोन दिवस दुखला. पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसण्याचं काम वाटणीत कोणाच्याच नावावर नव्हतं, ते ताईंनी उभ्यानं, पाऊण तास केलं. पुढच्या वर्षीच्या यादीत लिहिलं.

एकूण खर्च १३,३३० रुपये. त्यातले वाया गेलेले २,५००: खवणी ६५०, निओप्रीन ८५०, बाकाची दुरुस्ती ७००, स्टुलाची ३००. बारा आठवड्यांपैकी कित्येक आठवडे चुकांत गेले, सर्वांत जास्त चेंडूपायी.

मधल्या बोटाची आणि दोन्ही तर्जन्यांची मापं आता पक्की झाली आहेत, त्यामुळे या तीन कड्या चांदीत करायला हरकत नाही. सोनाराकडे जाताना प्लास्टिकची कडी नमुना म्हणून न्यायची आणि जायचं संध्याकाळीच. पट्ट्यांच्या लांब्या, पाण्याचं तापमान आणि लेप खरवडायची सूचना कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कायमच्या शाईनं लिहिली आहे. पेन्सिलीनं लिहिलेलं पहिल्या आठवड्यातच दमटपणानं पुसलं गेलं होतं.